आधी गिअर, मग इंजिन!

होस्टेलवर रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. पहिला मेसची भाजी आणि दुसरा "बीएचपी किती?" पहिल्यावर सगळ्यांचं एकमत आहे, म्हणून मी दुसऱ्यावर लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे. चुका संपादकांनी सांभाळून घ्याव्यात, मतं मात्र माझी आहेत.

मे महिन्यात कडावला आमच्या घरामागच्या पडवीतून, पेंढ्याच्या भाऱ्यांमागून, आजोबांची १९७० ची फियाट ११०० डी बाहेर काढली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. बरीच वर्षं ती जागची हलली नव्हती. मागच्या सीटवर मांजरीच्या दोन पिढ्या वाढल्या होत्या आणि इंजिन जाम. आजोबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, "पोरी, इंजिनिअर होतेस ना? मग हिला एकदा बोरघाट चढवून दाखव. जमलं तर स्टिअरिंगवर मी बसेन."

होस्टेलवर ही गोष्ट सांगितली आणि सगळे एकदम तज्ज्ञ झाले. "एस्टीमचं इंजिन टाक!" "नको, स्विफ्टचं डिझेल टाक, गाडी उडेल!" गाडी उडेलही. पण एस्टीम आणि स्विफ्टची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. फियाटचं इंजिन उभं, लांबीच्या दिशेने बसतं आणि प्रोपेलर शाफ्ट मागची चाकं फिरवतो. म्हणजे त्या इंजिनाला दुसरा गिअरबॉक्स शोधा, मग माउंटिंग, मग शाफ्ट, मग बोगदा कापा. व्हायवाला हे आपण धडाधड सांगतो आणि कँटीनमध्ये विसरतो.

कर्जतच्या मिस्त्रीकाकांचं म्हणणं जास्त पटण्यासारखं होतं. "ताई, ११८ एनईचं इंजिन-गिअरबॉक्स मिळालं तर बघा." ११८ एनई ही प्रीमियरचीच गाडी, १९८५ साली आलेली. बॉडी फियाट १२४ ची, पण आत निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स. दोन्ही मागची चाकं फिरवणारे. आपल्या १०८९ सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे ४० बीएचपी, त्याची पन्नासच्या आसपास. शिवाय कंपन्यांनी स्वतःही असं केलंय. हिंदुस्तान मोटर्सने १९९० च्या दशकात अँबेसडरमध्ये इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन बसवलं. पण नीट बघा, त्यांनी नुसतं इंजिन बदललं नाही. सोबत पाच गिअरचा नवा बॉक्सही दिला आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखालून जमिनीवर आणला.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. आपण इंजिन निवडतो तेव्हा खरं तर गिअरबॉक्स निवडत असतो. समजा चौथा गिअर १ ला १ आहे आणि नव्या बॉक्सचा पाचवा ०.८ चा आहे. त्याच वेगाला इंजिनचे फेरे एक पंचमांशाने कमी होतात. हायवेवर ही चैन आहे, आवाज कमी आणि पेट्रोलही कमी. पण कडाव ते कर्जत रस्त्यावर तो पाचवा गिअर पडणार किती वेळा? घाटात तर नाहीच. घाटात पहिला आणि दुसरा काय आहेत आणि मागच्या डिफरेन्शियलशी त्यांचा मेळ कसा आहे, ते महत्त्वाचं.

त्यात घाट फक्त चढायचा नसतो. शिंग्रोबाला हात जोडून वर गेलेली गाडी परत खाली खोपोलीला यायची असते. आपल्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग, आणि उतारावर तापलेले ड्रम हळूहळू पकड सोडतात. चढायला इंजिन लागतं, उतरायला गिअर आणि ब्रेक. दुप्पट बीएचपीची स्वप्नं बघणाऱ्यांपैकी ब्रेकबद्दल एकानेही विचारलं नाही!

कागदपत्रांचीही गोष्ट आहे. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. अर्थात तशी नोंदणी घेतली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे तिथेही पहिला प्रश्न तोच, गाडी जाणार कुठे?

ज्याला रोज पनवेल गाठायचंय त्याने ११८ एनईचा विचार जरूर करावा, मात्र ब्रेकचं काम आणि आरटीओची परवानगी आधी. ज्याचा ब्लॉकच तडकलाय त्याच्याही हातात फारसं काही नाही. आमचा ब्लॉक शाबूत निघाला. मिस्त्रीकाकांनी सिलिंडरमध्ये डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, पाचव्या दिवशी क्रँक फिरला. आता बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, क्रँक घासून घ्यायचा, रेडिएटर साफ करायचा. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा नवा. मुंबईत ही गाडी टॅक्सी म्हणून इतकी वर्षं धावली (शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली) की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधलं तर सामान अजून सापडतं.

तरीही खरं सांगते, माझं मन दोनदा डळमळलं. नवं इंजिन लवकर बसेल, जुन्याच्या कामाला महिने लागतील, आणि ब्याऐंशीव्या वर्षी महिने मोजायची भीती वाटते. शेवटी आजोबांनाच विचारलं. ते काही बोलले नाहीत. बंद गाडीत जाऊन बसले, डावा हात स्टिअरिंगखालच्या दांड्यावर ठेवला आणि पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे न बघता टाकून दाखवले. म्हणाले, "पहिल्याला सिंक्रोमेश नाही, गाडी थांबवूनच टाकायचा. हे तुला कुणी शिकवलं का?" नव्हतं शिकवलं. तो दांडा काढून जमिनीवर दुसरा बसवला असता तर गाडी घाट चढली असती, पण आजोबा शेजारच्या सीटवर राहिले असते.

इंजिन सध्या मिस्त्रीकाकांच्या टेबलावर उघडं पडलंय. पुढच्या रविवारी व्हॉल्व्ह घासायचे आहेत, हात कमी पडताहेत. ज्यांना एस्टीमचं इंजिन टाकायचं होतं त्यांनी आधी यावं. जेवण आजीकडे, आणि ते मेसपेक्षा बरं असतं.