राजाश्रय गेल्यावर खेळ कोणाचा?

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घरांत खेळाचा विषय निघाला, की बोलणे बहुधा भूतकाळातच जाऊन थांबते. बडोदेकर १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्याची आठवण काढतो. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९ आणि चौथ्या गड्यासाठी दोघांची ५७७ धावांची भागी, तीही होळकर संघाविरुद्ध! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये याहून मोठी भागी व्हावयास २००६ साल उजाडावे लागले. इंदूरकर मग सी. के. नायडूंचे नाव घेतो आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकल्याचे बजावतो. दोघांचेही म्हणणे खरे असते आणि दोघांच्याही बोलण्याचा शेवट एका सुस्काऱ्यात होतो. संस्थाने गेली, आश्रय गेला, ते दिवस गेले.

हा सुस्कारा मला पुरेसा वाटत नाही. संस्थाने जाणारच होती. १९४९ साली बडोदे मुंबई प्रांतात विलीन झाले आणि होळकरांचा संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर नावानिशी संपला. विचारण्यासारखा प्रश्न निराळाच आहे. ज्या खेळावर अख्खे शहर जीव टाकीत होते, तो खेळ त्या शहराचा होता की केवळ राजवाड्याचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दूरच्या एका देशातील विद्यापीठीय खेळाचा इतिहास फार उद्बोधक वाटला. तो देश जपान, विद्यापीठे वासेदा व केइओ, आणि खेळ बेसबॉल.

बेसबॉल हा जपानचा खेळ नव्हे. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ साली तोकिओत आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकविला, असे मानले जाते. परक्याची ही वस्तू तेथल्या विद्यार्थ्यांनी मात्र परकी राहू दिली नाही. १८९६ साली योकोहामातील गोऱ्यांच्या क्लबाशी तोकिओच्या ‘इचिको’ या महाविद्यालयातील मुलांचा सामना झाला, तेव्हा मुलांनी तो २९ विरुद्ध ४ असा जिंकला. असमान तहांच्या ओझ्याखाली वाकलेल्या त्या काळच्या जपानला या आकड्यांनी काय दिले असेल, हे आपल्याकडील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

शब्दांचेही तसेच झाले. अर्वाचीन हायकूचा प्रवर्तक मासाओका शिकी हा विद्यार्थिदशेत या खेळाचा वेडा होता. त्याने खेळातील कित्येक संज्ञांना जपानी प्रतिशब्द दिले. पुढे चुमान कानाए याने १८९४ साली ‘याक्यू’, म्हणजे मैदानावरील चेंडू, हा शब्द घडविला, आणि आज जपानी मूल तोच शब्द उच्चारते. क्षयाने अंथरुणाला खिळून १९०२ साली तरुणपणीच वारलेल्या या कवीचा समावेश २००२ साली तेथील बेसबॉलच्या सन्माननीयांत करण्यात आला. कवीचे नाव खेळाडूंच्या पंक्तीत बसावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

वासेदा व केइओ ही दोन्ही खाजगी विद्यापीठे. केइओ हे फुकुझावा युकिची यांनी उभारलेले, वासेदा हे ओकुमा शिगेनोबू यांनी. १९०३ च्या नोव्हेंबरात वासेदाच्या पोरांनी, ज्यांचा संघ जेमतेम दोन वर्षांचा होता, केइओला आव्हानपत्र धाडले. सामना झाला आणि केइओने तो ११ विरुद्ध ९ असा जिंकला. त्या दिवसापासून या झुंजीला ‘सोकेइसेन’ म्हणतात. केइओची मंडळी मात्र अक्षरांची अदलाबदल करून आपले नाव आधी घेतात! एवढ्या एका गोष्टीवरून त्या चुरशीची जात ओळखावी.

वासेदाच्या संघामागे उभे होते प्राध्यापक आबे इसो. हे गृहस्थ ख्रिस्ती, समाजवादी आणि युद्धविरोधी. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवाल तर अमेरिकेस नेईन, असे वचन त्यांनी मुलांना दिले. १९०४ साली मुलांनी ते करून दाखविले. रशियाशी युद्ध जुंपलेले असतानाही १९०५ च्या वसंतात आबे त्यांना खरोखरच घेऊन गेले. जपानी संघाचा हा पहिला परदेश दौरा. तेथे ते २६ सामने खेळले. ७ जिंकले, १९ हरले. परंतु येताना त्यांनी नवे डावपेच आणले आणि ते आपल्या प्रतिस्पर्ध्यांपासून लपवून न ठेवता साऱ्या देशाला शिकविले. एकोणीस पराभवांची एवढी मोठी किंमत वसूल करणारा दौरा क्वचितच झाला असेल.

हा इतिहास सगळा गोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९०६ साली दोघांनी एकेक सामना जिंकल्यावर पाठीराख्यांचा उन्माद इतका वाढला, की तिसरा सामना रद्द करावा लागला आणि पुढे १९ वर्षे, १९२५ पर्यंत, ही दोन विद्यापीठे परस्परांशी खेळली नाहीत. १९११ साली ‘तोकिओ असाही’ या वृत्तपत्राने बेसबॉल हे विद्यार्थ्यांना घातक आहे, अशी लेखमालाच चालविली आणि नितोबे इनाझो यांच्यासारख्या विद्वानाने हा पाकीटमारांना शोभणारा खेळ आहे, अशा अर्थाची टीका केली. गंमत ही, की त्याच असाहीच्या ओसाका येथील पत्राने अवघ्या चार वर्षांनी शालेय मुलांची देशव्यापी बेसबॉल स्पर्धा सुरू केली!

तोबिता सुइशू या वासेदाच्या प्रशिक्षकाविषयीही माझे मन दुभंगलेले आहे. १९१० साली शिकागो विद्यापीठाच्या संघाने वासेदाला लागोपाठ सहा सामन्यांत धूळ चारली. तो सल मनात धरून तोबिता १९१९ साली प्रशिक्षक झाला आणि मुलांकडून मरेस्तोवर सराव करून घेऊ लागला. १९२५ साली शिकागोवर मात केल्यावर तो त्या जागेवरून दूर झाला. ही निष्ठा थोर खरी. पण खेळ म्हणजे तपश्चर्या, शरीर मोडले तरी बेहत्तर, ही शिकवण त्यातूनच रुजली, आणि अशा शिकवणीचा उपयोग पुढे सेनापतींना किती सहज करता येतो, हे त्या देशाने पाहिले.

तो काळ १९४३ चा. सहा विद्यापीठांचा जो संघ १९२५ साली पुरा झाला होता, तो सरकारने त्या वर्षी मोडून टाकला. शरद ऋतूत बहुतेक विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतील सूट काढून घेण्यात आली. मुले जाणार हे ठरले. तेव्हा जाण्यापूर्वी एक सामना व्हावा, म्हणून केइओचे अध्यक्ष कोइझुमी शिंझो यांनी वासेदाला विनंती केली. त्यांचा एकुलता मुलगा आदल्याच वर्षी नौदलात कामी आला होता. वासेदाचे चालक कचरत होते. तोबिताने आग्रह धरला. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी वासेदाच्या तोत्सुका मैदानावर सामना झाला. अध्यक्षांसाठी राखलेल्या जागेवर न बसता कोइझुमी विद्यार्थ्यांत जाऊन बसले. वासेदाने सामना १० विरुद्ध १ असा जिंकला. पण मग जे घडले त्यापुढे हे आकडे फिके आहेत. दोन्ही बाजूंच्या मुलांनी एकमेकांच्या विद्यापीठाचे गीत गाइले. पाचच दिवसांनी मेइजी जिंगूच्या क्रीडांगणावर पावसात विद्यार्थ्यांच्या पलटणींचे संचलन झाले. त्या सामन्यात खेळलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेले. तोकिओ जळून गेलेले, माणसांना अन्नाची भ्रांत, जिंगूचे मैदान अमेरिकनांच्या ताब्यात. तरीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वासेदा व केइओचे आजी-माजी खेळाडू त्याच मैदानावर समोरासमोर उभे राहिले आणि १९४६ च्या वसंतात सहाही विद्यापीठांचे सामने पुन्हा सुरू झाले. साम्राज्य कोसळले, पण हा रिवाज उभाच राहिला. तो कोणा दरबाराच्या देणगीवर उभा नव्हता. मुलांच्या आव्हानपत्रावर, जुन्या विद्यार्थ्यांच्या हजेरीवर आणि शहराच्या सवयीवर उभा होता. आजही प्रत्येक हंगामाचा शेवटचा सामना वासेदा-केइओचाच असतो, मग अजिंक्यपद कोणाचेही ठरलेले असो.

आणि याच सहांत तोकिओ विद्यापीठ आहे. देशातील सर्वांत कठीण प्रवेशपरीक्षा देऊन आलेली ही मुले. एकदाही अजिंक्यपद मिळालेले नाही. १९४६ च्या वसंतातील दुसरा क्रमांक हीच त्यांची सर्वांत मोठी कमाई. २०१० च्या शरदापासून २०१५ च्या वसंतापर्यंत ते लागोपाठ ९४ सामने हरले. तरी ना त्यांना कोणी काढून टाकले, ना ते स्वतः उठून गेले. खेळाची परंपरा म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. जिंकणाऱ्यांच्या नावाचे फलक लागतात; पण हरूनही पुढल्या हंगामाला मैदानावर येणाऱ्यांनीच परंपरा तोललेली असते.

आपल्याकडे हे व्हावयास काय हरकत होती? परक्याचे चांगले ते घेण्यात बडोदे मागे नव्हते. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन यांना तेथून आणविले आणि खेडोपाडी पुस्तके पोचविली. स्वतःचे ते जपण्यातही आपण उणे नव्हतो. माणिकरावांचा आखाडा येथलाच. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड याच शहरातून मराठीत काढले. मैदान होते, ज्ञान होते, शब्द होते. उणीव एवढीच, की हे सारे वरून आले आणि आपण ते प्रसादासारखे घेतले. प्रसाद वाटणारा हात थांबला, तेव्हा स्वयंपाक करण्याची सवय कोणालाच राहिली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, की आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेतच; रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून चालतो. आहेत खऱ्या. पण त्या बाद पद्धतीच्या स्पर्धांत आज कोण कोणाशी खेळले, हे त्या संघांच्या बाहेर कोणास ठाऊक असते? करंडकाने खेळाडू निवडले जातात, शहरे एकमेकांशी बांधली जात नाहीत. त्यासाठी ठरलेला प्रतिस्पर्धी, ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चे. ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ आणि आज अहिल्यादेवींचे नाव धारण करणारे इंदूरचे विद्यापीठ, ही दोन्ही १९६४ ची. या तिघांनी दरवर्षी एका ठरावीक आठवड्यात, पाळीपाळीने एकेका शहरी, आपसांत खेळावे. क्रिकेट खेळावे, खो-खो खेळावा. हवे तर मल्लखांबाची प्रात्यक्षिके ठेवावीत. करंडक नसला तरी चालेल. आव्हानपत्र मात्र विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहावे, आणि खेळणारी मुले मराठी, गुजराती, माळवी कोणत्याही घरची असोत. १९०६ ची गोष्ट लक्षात ठेवून पाठीराख्यांनी जिभेला लगाम घालावा.

आपल्या जुन्या घराण्यांकडून देणगी मागावी, असे मला वाटत नाही. देणगी हा राजाश्रयाचाच धाकटा भाऊ. त्यांनी एवढेच करावे: त्या आठवड्यात पाहुण्या संघातील दोन-दोन मुलांना घरी जेवावयास बोलवावे, नातवंडांना घेऊन उन्हात दोन तास मैदानावर बसावे, आणि आपला संघ हरला तरी पुढल्या वर्षी पुन्हा यावे. हजारे-गुल महंमद यांची भागी आपण अजून सांगतो, कारण तेव्हा कोणी तरी तेथे बसून ती पाहत होते. पुढल्या पिढीने सांगावे असे काही हवे असेल, तर आज मैदानावरची जागा रिकामी ठेवून चालणार नाही.