भुसा लांब पडावा म्हणून...

मंडळी, थंड मुलुखात ट्रॅक्टरला बर्फ फेकणारं यंत्र जोडतात, आणि बर्फ आणखी लांब कसा पडेल यावर तिकडची माणसं डोकं खाजवतात. आपल्या जळगाव-धुळ्यात बर्फ कुठला? पण दादरच्या मळणीला खळ्यावर हाच प्रश्न असतो. भुसा यंत्राजवळच साचतो, नाकातोंडात जातो, आणि कुणीतरी ओरडतं, "रेस वाढव रे!"

मला हे पटत नाही. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे उगाच ठरवलेले नाहीत. पंख्याचा वेग १० टक्के वाढवला तर त्याला ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. डिझेल जळतं, ड्रम जोरात फिरून दाणा फुटतो, चांगला दाणाही भुशात उडतो. हलका भुसा मात्र हवेत अडून फार पुढे जातच नाही.

त्यापेक्षा सैल पट्टा ताणा, पंख्याची झिजलेली पाती बदला, कणसं नीट वाळू द्या, भुशाचं तोंड वारा जातो त्या बाजूला ठेवा. आणि दुरुस्ती यंत्र बंद करूनच. मळणी यंत्रांत हात गेले, जीव गेले, म्हणून तर १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला.

भुसा चार हात अलीकडे पडला तरी चालेल. आपले दोन हात शाबूत हवेत.