शिट्ट्यांवर भिस्त

चिकन कच्चं राहण्यापेक्षा जास्त शिजलेलं बरं, हे वाक्य सुरतेतल्या आमच्या लिंबायत-उधना-डिंडोलीच्या पट्ट्यात इतक्या वेळा ऐकू येतं की त्यावर कोणी शंका घेतली तर लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. रविवारी दुपारी गल्लीतून चालत गेलं की घरोघरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. कुठे चार, कुठे पाच, आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे सहा. धुळे, जळगाव, नंदुरबारहून कापडाच्या कारखान्यांमागे सुरतेला आलेल्या माणसांनी काळ्या मसाल्याचा रस्सा इथे आणला, तो उत्तमच आहे. पण त्या रश्शात जे पीस पोहत असतात ते बहुतेक घरांत अक्षरशः सुतळीसारखे झालेले असतात. साडीच्या गावात धाग्याला मान असणं ठीक, ताटात तो कशाला?

समोरच्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, कोंबडीत जंतू असतात. आमच्या आयांनी असंच शिजवलं आणि कोणी आजारी पडलं नाही. आणि बर्ड फ्लूच्या वेळी सरकारनेच सांगितलं होतं की पूर्ण शिजवून खा. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

बर्ड फ्लूपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या दारातच झाला. 18 फेब्रुवारी 2006 रोजी देशात पक्ष्यांमधला पहिला एच5एन1 जाहीर झाला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. विषाणूलाही ती हद्द माहीत नव्हती. शेजारचा उच्छल तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यात होता, तोही कचाट्यात आला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, चिकनचा भाव कोसळला. 2021 मध्ये नवापूरला हाच प्रसंग पुन्हा आला. पण त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला सल्ला नेमका काय होता? मांसाचा प्रत्येक भाग, अगदी आतला गाभासुद्धा, 70 अंश सेल्सियसपर्यंत तापला की विषाणू मरतो. त्यात तासाचा उल्लेख नाही, शिट्टीचा तर नाहीच. आकडा आहे तो तापमानाचा. आपण ऐकलं मात्र 'खूप वेळ शिजवा', आणि 2006 ची ती धास्ती आजतागायत कुकरमध्ये कोंडून ठेवली.

साल्मोनेलाचंही गणित असंच आहे. कोंबडीतले हे जंतू 60 अंशांना मरायला साधारण अर्धा तास घेतात, 66 अंशांना तीन-चार मिनिटं, 70 च्या आसपास मिनिटभरही नाही, आणि 74 अंशांना काही सेकंद. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं 74 अंशांवर थांबतं आणि ब्रिटनचं अन्न खातं 70 अंशांवर दोन मिनिटं सांगतं. यापुढे तुम्ही आणखी अर्धा तास उकळलंत तर मेलेले जंतू आणखी मरत नाहीत. पूर्ण दाबाच्या कुकरमध्ये आत साधारण 120 अंश असतात. दीड इंची पीस उकळत्या रश्शात असतील तर पहिली शिट्टी होईतो जंतूंचा निकाल लागलेला असतो. दुसरीपासून पुढच्या शिट्ट्या आपल्या मनाच्या समाधानासाठी. त्यातही गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंतची आठ-दहा मिनिटं कोणी हिशेबात धरतच नाही. त्या वेळातही शिजणं चालूच असतं.

आता आयांचा दाखला. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या आया-आज्या चुकत नव्हत्या, त्यांची कोंबडी वेगळी होती. अंगणात उकिरडे उकरत हिंडलेली, सहा-आठ महिन्यांची, कधी अंडी घालून थकलेली गावरान कोंबडी, किंवा भांडकुदळ कोंबडा. त्यांच्या पायांत आणि सांध्यांत चिवट पेशीजाल भरपूर. ते विरघळून मऊ व्हायला आच आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून चुलीवर तासभर, दीड तास रटरट हवीच. तिथे ते जास्त शिजवणं नव्हे, तेवढंच शिजवणं. पुढे 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, ब्रॉयलरचा धंदा देशभर पसरला, आणि आज दुकानातल्या पिंजऱ्यातून जो पक्षी बाहेर निघतो तो जेमतेम सहा आठवड्यांचा, दोन किलोच्या आसपासचा असतो. त्याला चिवट व्हायला वेळच मिळालेला नसतो. पक्षी बदलला आणि शिट्ट्या मात्र वारशाने चालत आल्या. गावरानसाठी घालून दिलेला नियम कोवळ्या ब्रॉयलरला लावायचा आणि वर म्हणायचं, 'हल्लीच्या चिकनला चवच नाही.' चव नाही, हे काही अंशी खरं आहे. उरलेली आपण उकळून घालवतो.

घालवतो म्हणजे काय, तेही पाहू. मांसातली प्रथिनं 50 अंशांच्या पुढे आवळायला लागतात. 65 ते 73 च्या दरम्यान त्यांतलं एक मोठं प्रथिन आकसतं आणि मांस पिळल्यासारखं होऊन आतलं पाणी बाहेर पडतं. छातीच्या पांढऱ्या मांसात चरबी आणि चिवट पेशीजाल दोन्ही अगदी कमी, त्यामुळे ते पाणी गेलं की मागे राहतो चोथा. किलोभर आणलेलं चिकन ताटात पाऊण किलोच्या आत येतं ते यामुळेच. मांडीच्या मांसाचं तसं नाही, ते 80 अंशांच्या पुढे जाऊनही मऊ राहतं, उलट तिथेच जास्त चांगलं लागतं. म्हणजे एकाच पक्ष्याचे दोन भाग दोन वेगळ्या वेळी तयार होतात. आपण दोन्ही एकाच वेळी कुकरात टाकतो आणि लेग पीससाठी घरात भांडणं लावतो.

'पण हाडापाशी लाल दिसतं की!' हा हुकमी एक्का. त्याचं उत्तर असं की कोवळ्या पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात, आतल्या मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो. चिकन गोठवलेलं असेल तर अधिकच. 74 अंश गाठलेल्या तुकड्यातही हाडालगत गुलाबी-तांबूस छटा राहू शकते. उलट 74 गाठण्याआधीच मांस पांढरं दिसू लागतं. रंग दोन्ही बाजूंनी फसवतो, मग त्यावर पंचायत कशाला बसवायची?

एवढी सगळी सावधगिरी कढईत ओतणारे आपण सिंकपाशी काय करतो? मी अनेक स्वयंपाकघरांत पाहिलेलं चित्र सांगतो. काळ्या पिशवीतलं चिकन नळाच्या जोरदार धारेखाली खळाखळा धुतलं जातं. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांच्या जाळीवर, शेजारी काढून ठेवलेल्या कोथिंबिरीवर. मग सुरीने पाटावर मोठा पीस मधोमध कापला जातो. सुरी नुसती विसळली जाते आणि त्याच पाटावर तिनेच कांदा चिरला जातो, लिंबाच्या फोडी होतात. चिकनला सहा शिट्ट्या, आणि कच्चा कांदा थेट ताटात. पोट बिघडलं की खापर चिकनवर, आणि पुढच्या रविवारी सात शिट्ट्या! हळद-मीठ-लिंबू लावून ठेवल्याने जंतू मरतात ही समजूतही यातलीच. त्याने वास जातो, चव मुरते, पण जंतूंचा निकाल लागेल असं त्यात काही नाही. मुळात परदेशी खाती चिकन धुऊच नका म्हणतात. आपल्याकडे लाकडी ओंडक्यावर कापलेल्या चिकनला पिसं, रक्त, हाडांची कच चिकटलेली असते, त्यामुळे न धुता शिजवा हे सांगणं मला पटत नाही. पण धुवायचं तर पातेल्यात पाणी घेऊन, हाताने, शिंतोडे न उडवता. आणि लगेच सिंक, सुरी, पाट, हात साबणाने. कांदा-लिंबू त्याआधीच चिरून झाकून ठेवावं.

दुकानाचाही प्रश्न आहेच. 2023 च्या सुरुवातीला विनापरवाना मांसदुकानांचं प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गाजलं, सुरतेतली कितीतरी चिकनची दुकानं बंद झाली, आणि कोंबडी हा कायद्याच्या दृष्टीने प्राणी की पक्षी यावर मोठमोठ्या वकिलांनी डोकं लावलं. गंमत वाटावी असा वाद, पण त्यामागचा प्रश्न खरा होता: पक्षी कुठे, कशावर आणि किती स्वच्छ जागी कापला जातो. त्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक मला क्वचित दिसतं.

दुसरी गफलत रात्रीची. 'रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो' म्हणून भलंमोठं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं जातं. सुरतेच्या मे महिन्यात ते पहाटेपर्यंत कोमटच राहतं. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. रस्सा 60 अंशांच्या खाली उतरला की ते जागे होतात आणि रात्रभर वाढतात. काही जंतू विष सोडतात, आणि ते विष सकाळी पुन्हा उकळूनही जात नाही. सहा शिट्ट्यांनी कमावलेलं सगळं असं रात्रीत घालवलं जातं. उरलेला रस्सा पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये गेला पाहिजे. मुरायचा तो तिथेही मुरतो.

जिथे समोरच्यांचं बरोबर आहे तिथे ते मान्य करतो. हातगाडीवरची तंदुरी कोंबडी बाहेरून काळी आणि आत 55 अंशांची असू शकते. अर्धवट भाजून तासन्‌तास टांगून ठेवलेली असेल तर ती न खाल्लेलीच बरी. गोठलेल्या तुकड्यांचा गोळा तसाच कुकरात टाकला तर मधला भाग खरोखर कच्चा राहतो. खिम्यात बाहेरचे जंतू आतवर मिसळलेले असतात, तिथे 74 ला पर्याय नाही. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर कुठेही घासाघीस करू नये. पण घासाघीस न करणं म्हणजे आकडा गाठणं. तो ओलांडून अर्धा तास पुढे जाणं नव्हे.

तर करायचं कसं? ब्रॉयलरला कुकर लागतच नाही. कढईत काळ्या मसाल्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परता. आधी मांडी आणि तंगडीचे पीस घाला, चांगले परता, गरम पाणी ओता, उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. दहाएक मिनिटांनी छातीचे पीस सोडा. ते सारख्या आकाराचे, जरा मोठेच कापून आणलेले असावेत. दुकानदाराला तसं सांगता येतं. आणखी आठ-दहा मिनिटांनी सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता, टोकदार थर्मामीटर खुपसा. 74 दिसलं की गॅस बंद. हे थर्मामीटर बाजारात किलो-दोन किलो चिकनच्या किमतीत मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. तव्यावर किंवा तंदुरात बोनलेस करत असाल तर आदल्या रात्री दह्यात ठेवा, पण फ्रिजमध्ये. 71-72 ला उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा, आतली ऊब उरलेलं काम करते. गावरान मिळालीच तर हे सगळं विसरा आणि आजीचं ऐका.

आणि कुकरची सवय सुटत नसेल, घाई असेल, चार माणसं जेवायला यायची असतील, तर कुकर खुशाल लावा. ब्रॉयलरला एक शिट्टी. कांदा मात्र वेगळ्या सुरीने चिरा.