गोळी का थांबवायची नाही, ते आधी सांगा

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की कॉलेजांत, दवाखान्यांत, सेवाभावी क्लबांत माहितीपत्रकांची लगबग सुरू होते. गुळगुळीत कागद, तीन घड्या, दर्शनी पानावर काळ्या पार्श्वभूमीवर डोकं धरून बसलेला माणूस. आत आजाराची व्याख्या, प्रकार, कारणं, लक्षणं आणि शेवटी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’. मजकूर सहसा बरोबर असतो, पण ज्या घरात आजार शिरलाय त्या घराला त्यातलं फारसं काही कामाला येत नाही. सरकारी आणि बिनसरकारी पत्रकांवर या सदरात मी अधूनमधून कुरकुरत असतो, त्यातलीच ही एक कुरकुर.

स्किझोफ्रेनियाचंच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. तोच हिशेब लावला तर जिल्ह्यात बारा-तेरा हजार रुग्ण होतात. आजार बहुतेक वेळा विशीच्या आगेमागे सुरू होतो, पोरांमध्ये पोरींपेक्षा जरा लवकर. म्हणजे बारावी, भरतीची धावपळ किंवा लग्नाची बोलणी चालू असतानाच.

भ्रमाचं उदाहरण म्हणून पत्रकांत हमखास येतं ते ‘माझ्या डोक्यात कुणीतरी चिप बसवली आहे.’ कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडात एखादा पोरगा असं बोलला तर घरचे त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेतील. पण तो म्हणतो, ‘चुलत्यानं माझ्या जेवणात काहीतरी घातलंय.’ आणि चुलत्याशी बांधावरून कोर्टात दावा खरोखरच चालू असतो! मग त्याचा भ्रम त्याच्या एकट्याचा राहत नाही, सगळ्या घराची ती खात्री होते. भावकीनं करणी केली, आता देवऋषी गाठा. इथल्या पत्रकाने सांगायला हवं ते हे की संशय खरा की खोटा याचा निवाडा करत बसू नका, बाकी काय बदललंय ते बघा. पोरगा रात्र-रात्र जागा असतो का? अंघोळ सुटली का? तालमीत जायचा बंद झाला का? एकटाच हसतो, कुणाला तरी उत्तरं देतो का? आठवड्यांमागून आठवडे हे चालू असेल तर चुलत्याचं राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.

दुसरी बाजू आणखी फसवी आहे. आवाज ऐकू येणं, आरडाओरडा करणं घराला कळतं. पण बोलणं आटतं, कशातच मन लागत नाही, तो दिवसभर पडून राहतो, हाही आजाराचाच भाग असतो आणि त्याला घरात नाव पडतं आळशी. ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ हा सल्ला तिथूनच येतो. त्याची किंमत बहुतेकदा दुसऱ्या घरातली पोरगी मोजते.

माझा खरा आक्षेप मात्र लक्षणांच्या यादीवर नाहीच. आज ना उद्या घर डॉक्टरपर्यंत पोचतं. गाडी अडते ती पुढे. दोन-तीन महिन्यांत पोरगा नीट झोपतो, जेवतो, चार शब्द बोलतो, आणि घरचे म्हणतात, बरा झाला, कशाला जन्मभर गोळ्या? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आजाराच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला होता. गोळ्या बंद करणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. ही गोष्ट पत्रकाच्या पहिल्या पानावर पाहिजे, मोठ्या अक्षरांत. आणि त्याच पानावर प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की गोळ्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात, सुस्ती येते, बायकांची पाळी मागेपुढे होते. असं झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, काहींना महिन्यातून एकदा इंजेक्शन चालतं. हे दुष्परिणाम लपवणारं पत्रक पहिल्या थरथरीलाच खोटं ठरतं.

देवाधर्माबद्दल पत्रकांचा सूर एकतर टिंगलीचा असतो, नाहीतर सगळा विषयच गाळलेला असतो. नृसिंहवाडीच्या दत्ताला जाणाऱ्या घराला ‘जाऊ नका’ म्हणून ते ऐकणार नाही. ‘जा, पण गोळी चुकवू नका’ हे ऐकेल. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमाला २००१ साली आग लागली तेव्हा साखळदंडात अडकवलेले रुग्ण पळूही शकले नव्हते. अशा बांधण्या-मारण्याच्या बाबतीत ढिलाई नको.

असं पत्रक लिहायचं तर पुस्तकांइतकीच घरांची माहिती लागते. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा आजार वर्षानुवर्षं घरात पाहिला होता. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन त्यांनी उभी केली. त्यांच्या पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ मध्ये आला. त्यात आजारी भावाला आपल्या संसारात आणणारी बहीण आहे, आणि त्या संसाराची होणारी ओढाताणही आहे. कोल्हापुरात पत्रक लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो जरूर पाहावा. मग कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाबाहेर, तिथल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, रुग्णांसोबत आलेल्यांशी बोलावं. कोणत्या वाराला कोण डॉक्टर असतात, अपंगत्वाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, चंदगडहून पहाटे निघालेल्या माणसाचा दिवस कसा जातो, हे तीच माणसं सांगतील. मागच्या पानाचा मजकूर त्यातूनच तयार होईल.

छापण्याआधी मसुदा तिथल्याच एखाद्या आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिला अडलेलं वाक्य काढून टाका. छापून झाल्यावर गठ्ठे कार्यक्रमाच्या टेबलावर ठेवू नका. गावोगावच्या आशाताईंकडे द्या आणि औषधांच्या दुकानात द्या, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटाबरोबरच पत्रक घरी जाईल. आणि दर्शनी पानावर त्या डोकं धरून बसलेल्या माणसाच्या जागी टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक टाका: १४४१६. ही सरकारी सेवा आहे, फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.