हवेलीच्या पाण्याचा हिशेब

शेतीचे पाणी वाचवायला शिकवणाऱ्या संस्था जबलपुरात जितक्या एकवटल्या आहेत, तितक्या फार थोड्या शहरांत असतील. अधारतालला १९६४ पासून जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे आणि जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र त्याच्याच अखत्यारीत चालते. महाराजपूरला तण संशोधन संचालनालय आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधल्या कृषी विज्ञान केंद्रांवर देखरेख करणारी ‘अटारी’ही याच शहरात आहे. ठिबक, तुषार, आच्छादन, रुंद सरी-वरंबा, भाताची थेट पेरणी, शेततळे हे विस्तार शिक्षणाचे ठरलेले विषय. त्यांचा उपयोग निर्विवाद आहे.

खटकते ते या कामाची दिशा. ज्ञान विद्यापीठातून निघते आणि शेतावर पोहोचते, असे विस्तार शिक्षणात गृहीत धरलेले असते. उलट दिशेने, शेतावरून विद्यापीठात यावे असे काही असेल, तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे ठरलेलेच नाही. जबलपूरच्या भोवतालच्या काळ्या जमिनीत असे एक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्याचे नाव हवेली पद्धत.

पाटण, शहापुरा, सिहोरा या भागांतली जमीन भारी, चिकण काळी. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. या भागात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. पावसाळ्यात या चिखलात औत घालणे कठीण. म्हणून शेतकरी खरिपाचे पीक घेतच नसत. शेताला चारी बाजूंनी मातीचे बांध घालत आणि पडेल तो पाऊस तिथेच कोंडून ठेवत. सप्टेंबर संपेपर्यंत शिवारात पाणीच पाणी. ऑक्टोबरात बांध फोडून ते सोडून देत, वाफसा आला की थेट गहू, हरभरा, मसूर पेरत. गहू आणि हरभऱ्याचे मिश्र पीकही घेत, त्याला ‘बिर्रा’ म्हणतात. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक हाती येई, वरून पाणी द्यावे लागत नसे.

या पद्धतीत एका पाण्याकडून अनेक कामे करून घेतली जात. एक हेक्टर शेतात तीस सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते तीस लाख लिटर भरते. त्यातले काही वाफ होऊन जाई, काही मातीत साठे, काही खोल झिरपून विहिरींना मिळे. गवत, पालापाचोळा त्यातच कुजून खत होई. कांससारखे चिवट तण पाण्याखाली गुदमरून मरे, म्हणून नांगरणी आणि खुरपणी कमी लागे. मातीही शेतातच राही.

आज भाताच्या थेट पेरणीचा प्रसार होतो आहे, कारण चिखलणी आणि साचवलेले पाणी टाळले की पाणी वाचते. पण साचलेले पाणी नसले की तण माजते आणि थेट पेरणीची मोठी अडचण तीच ठरते. तण आणि पाणी यांचा प्रश्न एकत्र सोडवावा लागतो, हे हवेलीच्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते.

याला माणसांची जोडही लागे. वरच्या शेताने पाणी कधी सोडायचे आणि खालच्याने ते कसे वाट काढून पुढे द्यायचे, हे गावाने मिळून ठरवावे लागे. एकाने घाई केली तर दुसऱ्याची पेरणी बुडे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या अशाच सामाईक शिस्तीने चालत. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांनाही हीच शिस्त टिकवून धरी. जिथे शिस्त मोडली तिथे बांध आणि पाट असूनही पाणी उरले नाही.

हवेली मागे पडण्याची कारणे अनेक आहेत. नर्मदेवरच्या बरगी धरणाचे कालवे आले, वीज आली, कूपनलिका आल्या, जमिनीच्या वाटण्या झाल्या. पण एक मोठे कारण विस्तार शिक्षणाच्या सर्वांत मोठ्या यशातच आहे. १९६०च्या दशकात जबलपूरच्या विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनवर काम सुरू केले. पुढे मध्य प्रदेश देशातले सोयाबीनचे आघाडीचे राज्य झाले. खरिपात पडीक दिसणाऱ्या जमिनीतून नगदी पीक मिळू लागले आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. ते नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र सोयाबीनच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. खरिपात सोयाबीन पेरायचे तर शेतातले पाणी बाहेर काढणे भाग होते.

ती जमीन पडीक नव्हतीच. ती पावसाळाभर पाणी धरून ठेवण्याचे काम करत होती. हेक्टरी उत्पादन मोजले गेले, बांधातल्या पाण्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून जे गमावले ते कोणाच्या अहवालात तोटा म्हणून दिसले नाही. पुढे या पट्ट्यात भात पसरला, भातामागून गहू आणि गव्हामागून उन्हाळी मूग. मूग डाळीच्या दृष्टीने चांगला, जमिनीलाही नत्र देतो. पण ऐन एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी हवे, आणि ते कालव्यातून किंवा जमिनीच्या पोटातून उपसावे लागते. पूर्वी जमिनीत पाणी भरणारे शिवार आता तिन्ही हंगामांत पाणी मागते.

शहरातही हेच घडले आहे. बावन्न तलावांचे म्हणून ओळखले जाणारे हे शहर. राणीताल, चेरीताल ही नावे आता वस्त्यांची झाली आहेत. राइट टाउनमधले जुने बंगले पाडून इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या आवारांत फरशी आली आणि फरशीच्या कडेने लॉन. मे महिन्यात लॉनमधून दिवसाला सहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरले, तरी शंभर चौरस मीटर लॉनला रोज सहाशे लिटर लागतात. माणशी १३५ लिटर या सरकारी मानकाने ते चार माणसांच्या दिवसभराच्या गरजेहून जास्त आहे. त्याच आवारातल्या शंभर चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात लाखभर लिटरहून अधिक पाणी पडते आणि बहुधा गटारात जाते. झाडांना आळी करणे, त्यांत पाचोळ्याचे आच्छादन घालणे, लॉनऐवजी जास्वंद, मोगरा, पारिजातक लावणे, छपराचे पाणी गाळून शोषखड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत सोडणे, यांतले काहीच अवघड नाही. पण कृषी विज्ञान केंद्राचा मुख्य भर शेतकऱ्यावर असतो. बागेला रोज पाइप लावणारा शहरी माणूस कोणाचाच विद्यार्थी नाही.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही, आहेत त्यांच्या कामात तीन गोष्टींची भर हवी. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या अहवालात हेक्टरी क्विंटलांशेजारी वापरलेल्या आणि जमिनीत मुरवलेल्या पाण्याचाही रकाना असावा. जिथे बांध अजून शाबूत आहेत आणि शेतकरी राजी आहेत, तिथे काही हवेली शेते विद्यापीठाने प्रात्यक्षिक म्हणून राखावीत आणि खरिपाचे पीक सोडल्याची भरपाई द्यावी, कारण झिरपणाऱ्या पाण्याचा लाभ साऱ्या परिसराला मिळतो. उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात शहरातल्या बागांमध्ये पाठवावे आणि राइट टाउनसारख्या वस्त्यांनी त्यांच्यासाठी फाटके उघडावीत. हवेलीत आयुष्य घालवलेले शेतकरी आज वृद्ध आहेत. त्यांच्याकडून हे नोंदवून घेण्याचे काम या पावसाळ्यातच सुरू व्हायला हवे.