बीटल्सचा 'फिरोजशहा मेहता रोड'

ज्यांनी एके काळी दुकानदाराला गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घेतली आहे, त्यांना माझ्या या खुळाचं नवल वाटणार नाही. एखाद्या बँडची इकडेतिकडे सांडलेली, अल्बमात न गेलेली गाणी गोळा करायची आणि त्यांतून कधीच न निघालेला अल्बम रचायचा. बहुतेक बीटल्सवेडे १९७० साली बँड फुटलाच नाही असं धरून चालतात आणि चौघांच्या नंतरच्या स्वतंत्र गाण्यांची मोट बांधतात. मला त्यात राम वाटत नाही. वाटण्या झालेल्या घरातली भांडी एका फळीवर मांडली म्हणून चूल एक होत नाही. माझं साल १९६८.

त्या वर्षी फेब्रुवारीत चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात आले. रिंगो दहाएक दिवसांत परतला, पॉल मार्चअखेरीस, जॉन आणि जॉर्ज एप्रिलमध्ये. ध्यानधारणेचं काय झालं ते असो. गाणी मात्र ढिगाने झाली. मे महिन्यात इशर इथल्या जॉर्जच्या घरी त्यांनी २७ गाणी कच्च्या स्वरूपात टेप करून ठेवली. नोव्हेंबरमध्ये ३० गाण्यांचा जोड अल्बम निघाला, पांढऱ्या वेष्टणामुळे ज्याला सगळे 'व्हाइट अल्बम' म्हणतात. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचं म्हणणं होतं, निवडक गाण्यांचा एकच अल्बम काढा. पोरांनी ऐकलं नाही. आणि ३० गाणी घेऊनही चांगली गाणी उरलीच.

नियम घालून घेतले नाहीत तर हा खेळ राहत नाही, नुसती साठवण होते. तशी साठवण 'पास्ट मास्टर्स' नावाने १९८८ साली निघाली आहेच. माझे नियम साधे: ध्वनिमुद्रण १९६८चंच हवं, 'व्हाइट अल्बम'मधलं काहीही नको, आणि सिंगलची मागची बाजू चालेल पण पुढची नाही. त्यामुळे 'हे जूड' बाद. सात मिनिटांहून लांब असलेलं ते गाणं एकदा घेतलं की बाकीच्यांकडे कोण बघणार?

पहिली बाजू 'हे बुलडॉग'ने उघडते. भारतात येण्याच्या काही दिवस आधी चौघे 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या जाहिरातीचं चित्रीकरण करायला स्टुडिओत जमले होते. आलोच आहोत तर नवं काही करू, म्हणून हे गाणं झालं. पुढे ते 'यलो सबमरीन'च्या साउंडट्रॅकवर गेलं.

दुसरं 'द इनर लाइट'. याच्यासाठीच खरं तर हा सगळा खटाटोप. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत होता. स्टुडिओ फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवर, कचेऱ्यांच्या इमारतीत. लंडनमध्ये तेव्हा चार ट्रॅकवर काम चाले. इथे दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र हवं म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. खालच्या टॅक्स्या आत ऐकू येत आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांच्या धबडग्यापायी काम थांबवावं लागे. हे सगळं जॉर्जनेच नंतर सांगितलं आहे. त्याच मुक्कामात या गाण्याचा वाद्यमेळ झाला: आशिष खाँ यांचा सरोद, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी. फेब्रुवारीत लंडनला जाऊन जॉर्जने त्यावर आवाज चढवला. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं, तेही 'लेडी मॅडोना'च्या पाठीमागे. तबकडीवर आपल्या वादकांपैकी कोणाचंही नाव नव्हतं आणि पुढची दहा वर्षं ते ब्रिटनमध्ये कुठल्या एलपीवर आलं नाही. १९६९ साली बीटल्स मंडळींनी स्टुडिओच्या रस्त्याचं नाव अल्बमला दिलं, 'ॲबी रोड'. मग माझ्या अल्बमला 'फिरोजशहा मेहता रोड' का नको?

त्यानंतर जॉनचं 'चाइल्ड ऑफ नेचर', इशरच्या टेपवरचं. महर्षींच्या प्रवचनावरून सुचलेलं. तीच चाल १९७१मध्ये नवे शब्द घेऊन 'जेलस गाय' झाली. आपल्याकडे याला चाल उतरवणं म्हणतात. इथे जॉनने स्वतःचीच उतरवली. मग जॉर्जचं 'सावर मिल्क सी'. हे त्याने गायक जॅकी लोमॅक्सला देऊन टाकलं. त्या रेकॉर्डवर जॉन सोडून तिघे बीटल्स आणि एरिक क्लॅप्टन वाजवतात, तरी ती चालली नाही. शेवटी 'ॲक्रॉस द युनिव्हर्स', निर्माता फिल स्पेक्टरने नंतर चढवलेला वाद्यवृंद काढून.

दुसरी बाजू जॉर्जच्या 'नॉट गिल्टी'ने. ऑगस्टमध्ये या गाण्याचे टेक १०२व्या आकड्यापर्यंत गेले, आणि एवढं करून ते अल्बममधून गळलं. १९९६पर्यंत बीटल्सच्या आवाजात ते अधिकृतपणे ऐकायला मिळालं नाही. पुढे पॉलचं 'जंक', जॉर्जचं 'सर्कल्स' आणि 'हे जूड'च्या पाठीवरचं, कर्कश गिटारचं 'रेव्होल्युशन'.

इथे बाजू तोकडी पडते. सहा मिनिटांचं 'व्हॉट्स द न्यू मेरी जेन' हाताशी आहे, पण त्यात जॉन आणि जॉर्ज आहेत, पॉल आणि रिंगो नाहीत, आणि ऐकणाऱ्याचीही फारशी गरज नाही. भरताड घालण्यापेक्षा अर्ध्या तासाचा अल्बम बरा. 'अ हार्ड डेज नाइट' तरी कुठे मोठा आहे?

यादी पुरी झाल्यावर हिशेब मांडला. 'व्हाइट अल्बम'च्या ३० गाण्यांत जॉर्जची ४. माझ्या ९ गाण्यांतही जॉर्जची ४. त्या वर्षी त्याच्याकडे देण्यासारखं किती होतं आणि घेतलं किती, ते यात दिसतं. १९७०मध्ये त्याने एकट्याने थेट तीन तबकड्यांचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' काढला, याचं मग आश्चर्य वाटत नाही.

ही नऊही गाणी आज रीतसर मिळतात. 'द इनर लाइट' 'पास्ट मास्टर्स'वर आहे आणि इशरची सगळी टेप २०१८च्या 'व्हाइट अल्बम'च्या संचात. क्रमाने लावून बघा. दुसऱ्या बाजूला आणखी एखादं गाणं बसत असेल तर कळवा; 'हे जूड' सोडून.