अजिंठ्याची भिंत आणि शोधाची चौकट

सांस्कृतिक वारसा आता एका टिचकीवर उपलब्ध झाला, असे जो तो सांगत सुटला आहे. उपलब्ध झाला हे आम्हांस मान्य. उपलब्ध झाला म्हणून तो आकळला, हे मात्र मान्य नाही.

अजिंठ्याचेच पाहा. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही कित्येक आगीच्याच भक्ष्यस्थानी पडल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्या नकला (त्यांच्या साहाय्यकांत नंदलाल बोस होते), मग १९३० ते १९५५ दरम्यानचे याझदानींचे खंड. भिंत एकच, तिची टिपणे मात्र निरनिराळ्या घरी. त्या शतकभरात रंग कुठे, किती झडला हे कळायचे तर ही सारी शेजारी-शेजारी ठेवावी लागतील. संगणकाला ते मुळीच अवघड नाही. पण आपल्या पदरी पडते ती शोधाची एक चौकट आणि तिच्याखाली टपाल-तिकिटाएवढ्या चित्रांची रांग! काय शोधायचे हे आधीच ठाऊक असलेल्याचीच ती सोय.

यावर उतारा म्हणून रंगीत कालपट्ट्या पुढे केल्या जातात. त्यांचा आम्हांला अधिक धाक वाटतो. वॉल्टर स्पिंक यांनी दुसऱ्या टप्प्याचे जवळजवळ सारे काम इ. स. ४६० ते ४८० या अवघ्या वीस वर्षांत बसवले. इतर अभ्यासक ते बरेच पुढे नेतात. कालपट्टीवर उमटतो तो एकच ठिपका, आणि सगळा वाद त्या ठिपक्याखाली गाडला जातो.

शिवाय, विद्या देहेजिया यांनी दाखवल्याप्रमाणे, अजिंठ्याचे कथन अनेकदा काळाच्या नव्हे, स्थळाच्या क्रमाने रचलेले आहे. म्हणजे ज्या चित्रकारांनी काळाचा क्रम जाणूनबुजून मोडला, त्यांनाच आपण पट्टीवर ओवायला निघालो आहोत. कथनमीमांसा शिकवणाऱ्या आमच्या मराठी विभागांना यात बोलण्याजोगे काही नाही काय? हे संगणकवाल्यांचे खाते, असे म्हणून त्यांनी हात झटकले आहेत.

आमची मागणी साधी आहे. सतराव्या लेण्यातील सिंहलकथेची भिंत पडद्यावर अखंड असावी. प्रत्येक प्रतिकृती तिच्या मूळ जागी, तिच्या सालासह उघडावी. वादग्रस्त काळ ठिपक्याने नव्हे, पट्ट्याने दाखवावा. आणि जी प्रतिकृती जळाली, तिची चौकट तिच्या जागी रिकामी दिसावी.